चौथी टाचणी

माझी मावशी एकतीस वर्षं समुद्राचे नकाशे काढत होती, आणि त्या एकतीस वर्षांत ती एकदाही समुद्रात गेली नाही. बंदराच्या कार्यालयात मोजणी विभाग होता, तिथे ती आरेखक. मोजणीची बोट खोलीचे आकडे घेऊन यायची आणि मावशी ते कागदावर मांडायची. कुठे किती पाणी, कुठे वाळू, कुठे खडक, कुठे बोटींना वाट दाखवणारा दिवा. बोटीत पाय ठेवला की तिला मळमळायचं, अगदी धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा. "मला समुद्र कागदावरच सोसतो," म्हणायची. कार्यालयात तिला सगळे रेघबाई म्हणत. तिच्या रेघेत खोट काढायला जागा नसायची आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं. चहाचा कपसुद्धा ती टेबलाच्या कडेला समांतर ठेवायची.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी कार्यालयाने जुने कागदी नकाशे मोडीत काढले. मावशीने त्यातले तेरा मागून घेतले आणि गुंडाळ्या करून घरी आणले. मी तेव्हा एका छपाईच्या दुकानात कामाला होते, आणि आमच्याकडे दाराएवढा रुंद कागद गिळणारा स्कॅनर होता. हौस म्हणून मी ते तेराही नकाशे स्कॅन करून तिच्या कॉम्प्युटरवर टाकले आणि एका रविवारी उपग्रहाच्या फोटोवर जुना नकाशा कसा पसरायचा ते तिला शिकवलं. पुढे जे झालं त्यात माझा वाटा एवढाच. पण 'एवढाच' म्हणताना आजही जीभ अडखळते.

उपग्रहाच्या फोटोत किनाऱ्यावरचं घर न घर दिसतं, पण पाणी म्हणजे नुसता निळा रंग. खाली वीतभर पाणी आहे की दोन पुरुष खोल, काही कळत नाही. सागरी नकाशात ते सगळं असतं, पण हौशी माणसाला तो आकड्यांचं वारूळ वाटतो. दोन्ही एकावर एक ठेवले की चित्र एकदम बोलायला लागतं. त्यासाठी दोन्हीकडे दिसणाऱ्या चार जागा शोधायच्या, जेट्टीचा कोपरा, गोदामाचं टोक, अशा. तिथे एकेक टाचणी मारायची, म्हणजे पडद्यावरची. मग यंत्र जुना नकाशा चादरीसारखा ओढून फोटोवर बसवतं.

मावशीला हे वेडच लागलं. आठवड्याभरात ती माझ्यापेक्षा तरबेज झाली. गावात हौशी बोटवाल्यांचा एक क्लब होता. सुट्टीच्या दिवशी बेटावर जाऊन येणारी माणसं, कुणी वकील, कुणी दुकानदार. त्यांना कुणीतरी सांगितलं आणि ती एकेक करून मावशीच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायला लागली. मावशी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून विचारायची, "बोट किती पाणी घेते, तळ किती खोल जातो? भरती केव्हा आहे? परत कधी यायचंय?" आणि मग पडद्यावर त्यांची वाट आखून द्यायची. वाटेतले टप्पे लोक आपापल्या बोटीतल्या यंत्रात भरून घ्यायचे. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात ती न विसरता लिहायची, 'फक्त आखणीसाठी, बोट चालवण्यासाठी नाही.' लोक हसायचे. ते वाक्य कुणी मनावर घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही नाही.

शेजारच्या खोलीत मामा असायचा, तिचा थोरला भाऊ. तो समुद्रातल्या दिव्यांची देखभाल करणाऱ्या लाँचवर फिटर होता. मामी गेल्यापासून दोघं भावंडं एकाच घरात राहत आणि पंख्याच्या वेगावरून रोज भांडत. मामाला कॉम्प्युटरचा तिटकारा. "समुद्र बघायचा तर खिडकी उघड," असं म्हणून तो पेपर तोंडासमोर धरायचा. त्यामुळे मावशीचं काम त्याने कधी नीट पाहिलंच नाही.

दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको तिच्याकडे आले ते वसंतात. डॉक्टर मोजूनमापून बोलणारे, दोनदा विचारून एकदा करणारे. बायको शाळेत खेळ शिकवायच्या. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आल्या आणि "मावशी, लवकर आखा, ऊन डोक्यावर यायच्या आत पोहायचंय," म्हणाल्या. बेटाच्या अलीकडे समुद्रात एक दिवा आहे आणि दिव्याच्या दक्षिणेला एक खडक, फक्त तळच्या ओहोटीला दिसणारा. बोटवाले त्याला दाढ म्हणतात. मावशीने डॉक्टरांची वाट दाढेच्या दक्षिणेला चांगले शंभर मीटर सोडून आखली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "शंभर पुरेत ना?" मावशी म्हणाली, "शंभरात तुमचा अख्खा दवाखाना मावेल."

स्वच्छ सकाळ होती, वाराही नव्हता. डॉक्टर यंत्रावरच्या रेषेवर डोळे ठेवून बऱ्यापैकी वेगात चालले होते आणि बायको पुढच्या टोकाला उभ्या राहून फोटो काढत होत्या. बोट धाडकन थांबली. त्या मात्र थांबल्या नाहीत. लोखंडी कठड्यावर आपटल्या, खुबा आणि मांडीचं हाड दोन्ही मोडलं. अर्ध्या तासात दुसऱ्या बोटीने दोघांना उचललं, पण डॉक्टरांची बोट यंत्रासकट खाली गेली होती.

तीन ऑपरेशनं झाली. बाई जगल्या, पण पळणं गेलं, आणि काठीशिवाय चालणंही.

क्लबने चौकशी नेमली. डॉक्टर एकच गोष्ट सांगत राहिले, "मी रेषेवरच होतो." पुरावा समुद्राच्या तळाशी होता. मग मावशीला बोलावलं. तिने कॉम्प्युटर नेला, पडद्यावर रेषा दाखवली, दाढ दाखवली, मधलं अंतर मोजून दाखवलं. शंभर मीटर. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे मीच भरकटलो असेन." चौकशीच्या कागदावर तेच आलं: चालकाने ठरलेला मार्ग सोडला.

क्लबात विनोद फिरला की डॉक्टरांनी अखेर सगळ्यात मोठी दाढ शोधली. असले विनोद कोण सुरू करतं कुणास ठाऊक, पण ते ज्याच्याबद्दल असतात त्याच्यापर्यंत पोचतात. डॉक्टरांचा हात कापायला लागला. आधी त्यांनी दवाखाना तीन दिवसांवर आणला, मग पाटीच उतरवली. नवरा-बायको एका घरात राहत होते, पण शेजारीण सांगायची की त्यांच्या घरात भांड्यांचा आवाज येतो, माणसांचा येत नाही.

मावशी हळहळायची. "एवढा सावध माणूस," म्हणायची. पण त्या हळहळीत मला तेव्हाही एक बारीकसं समाधान ऐकू यायचं, की आपली रेघ मात्र बरोबर होती.

आठ महिने गेले. एका बुधवारी दुपारी मी तिच्याकडे होते. क्लबची सहल त्या रविवारी बेटावर जाणार होती, सात बोटी, आणि मावशी त्यांच्यासाठी तोच नकाशा उघडून बसली होती. मामा साखर शोधत आत आला. कधी नव्हे ते पडद्यासमोर थबकला, आणि वाकून बघायला लागला.

"हा दिवा चुकलाय," तो म्हणाला.

"चुकला म्हणजे?" मावशी मागे न बघता म्हणाली. "फोटोत दिसतोय, नकाशात दिसतोय. चौथी टाचणी तिथेच मारलीय."

"फोटोतला दिवा नवा आहे. तुझ्या नकाशातला जुना. जुन्याचा चौथरा वादळात गेला, मग आम्ही नवा उत्तरेकडच्या कातळावर बांधला. नव्वद मीटर असेल अंतर. सिमेंट मी स्वतः उतरवलंय." मग तो साखरेचा डबा उचलून म्हणाला, "आणि तुला हे मी काय सांगतोय? तुम्हीच तर कार्यालयात सगळ्या नकाशांवर लाल शाईने दुरुस्ती केली होती."

मावशीचा हात माऊसवरच राहिला. ती उठली, कपाटावरच्या गुंडाळ्यांतून तो नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. दिव्यापाशी लाल शाई नव्हती. तिने घरी आणलेली प्रत गोदामात पडून राहिलेली, दुरुस्ती न झालेली होती. ज्या दीडशे प्रतींवर दुरुस्ती झाली त्या तिच्याच हाताखालून गेल्या होत्या.

मला समजायला जरा वेळ लागला. चार टाचण्यांपैकी तीन किनाऱ्याजवळ होत्या, आणि त्या बरोबर होत्या. चौथी खोल पाण्यातली. ती नव्वद मीटर उत्तरेला मारली गेल्यामुळे तिथला सगळा नकाशा उत्तरेकडे ओढला गेला होता आणि त्याबरोबर दाढही. पडद्यावर दाढ जिथे दिसत होती तिथे ती नव्हतीच. ती होती त्या जागेच्या दक्षिणेला. म्हणजे डॉक्टरांच्या रेषेवर.

"बेटाचा किनारा जुळत नव्हता," मावशी म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. "मी पाहिलं होतं. थोडासा सरकलेला दिसायचा. मला वाटलं, इतक्या वर्षांत वाळू हलली असेल." मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "मी पाहिलं होतं ग."

त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, लगेच सगळ्यांना कळवू. ती म्हणाली, "आधी खात्री करते. एकदा खात्री न करता बोलले, त्याचं काय झालं ते बघतेस ना?" शुक्रवारी सकाळी तळची ओहोटी होती. मामाने त्याच्या ओळखीचा एक होडीवाला ठरवला. मावशी त्या होडीत कशी चढली ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला पटलं नसतं. धक्का सुटायच्या आधीच तिचा चेहरा पांढरा पडला. जेट्टी ओलांडेपर्यंत दोनदा ओकली. मामाने तिच्या स्वेटरची पाठ घट्ट मुठीत धरली होती आणि ती दोन्ही हातांनी छोटं जागा दाखवणारं यंत्र धरून बसली होती. त्यात तिने डॉक्टरांची रेषा भरली होती.

"परत फिरू या का?" मामाने विचारलं.

"नाही."

"पुढे लाटा आहेत."

"दादा, नाही म्हटलं ना."

दाढ पाण्याबाहेर आली होती. शेवाळाने काळी, शिंपल्यांनी खरबरीत, एखाद्या बसलेल्या म्हशीच्या पाठीएवढी. होडीवाल्याने इंजिन बंद करून वल्ह्याने होडी अगदी लगत नेली. मावशीने यंत्रावरचा आकडा वाचला. रेषेपासून चार मीटर. खडकाच्या एका अंगाला पांढऱ्या रंगाचा लांब ओरखडा अजून होता. मावशीने हात पुढे करून त्याला स्पर्श केला, मग हात मांडीवर घेतला आणि होडी धक्क्याला लागेपर्यंत तो तसाच ठेवला.

शनिवारी संध्याकाळी क्लबात सहलीची बैठक होती. मावशी तासभर आधी सेक्रेटरींना भेटली. सेक्रेटरी निवृत्त इंजिनियर, आवाज लोण्यासारखा. सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"बाई, उद्याची सहल आपण वाऱ्याचं कारण सांगून पुढे ढकलू. नकाशा तुम्ही गुपचूप दुरुस्त करा. विषय संपला."

"आणि डॉक्टर?"

"अहो, कोपऱ्यात तुम्ही स्पष्ट लिहिलंय की हा बोट चालवण्यासाठी नाही. तुमच्यावर काही येत नाही. चौकशी मिटली. त्यांनी स्वतः मान्य केलंय."

"मी दाखवलं म्हणून मान्य केलं."

"आता उकरून काढून क्लबचं नाव खराब होईल. आणि तुमचं. एकतीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

मावशी म्हणाली, "तेच तर. त्या नावाखातर सगळ्यांनी विश्वास ठेवला."

बैठकीत ती उभी राहिली. मी मागच्या रांगेत होते. तिने फिरवून फिरवून सांगितलं नाही. "दाढेजवळचा माझा नकाशा चुकीचा आहे. चूक माझी आहे. डॉक्टर रेषेवरच होते. रेषाच खडकावर होती. माझा नकाशा ज्यांच्याकडे आहे त्यांनी आजच काढून टाकावा." कुणीतरी विचारलं, "बाकीचे बारा नकाशे?" ती म्हणाली, "तेही काढा. ते बरोबर आहेत असं मी आता सांगू शकत नाही." खोलीत खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. काहीजण तिच्याकडे आले, काहीजण तिला टाळून बाहेर गेले. ज्या वकिलाच्या घरी तिचा नकाशा काचेत लावलेला होता, तो जाताना म्हणाला, "माझी पोरं असतात हो बोटीत." तिने नुसती मान हलवली.

डॉक्टरांच्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. बैठकीतल्या कुणी फोन करायच्या आत आपण सांगावं अशी तिची इच्छा होती, पण बातमी आधीच पोचली होती. दार बाईंनीच उघडलं, काठीवर भार देऊन. बसा म्हणाल्या नाहीत. मावशी दारातच उभी राहून बोलली. सगळं सांगितलं, बेटाचा न जुळलेला किनाराही. तो सांगितला नसता तरी चाललं असतं, कुणाला कळलं नसतं.

डॉक्टर आतून आले. ते भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले, जमिनीवरच. "मी रेषेवर होतो," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले, लहान मुलासारखं हुंदके देत.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या मावशीकडे बघत होत्या.

"आठ महिने," त्या म्हणाल्या. "आठ महिने मी या माणसाशी नीट बोलले नाही. तो पाणी द्यायला आला तरी मी तोंड फिरवत होते. माझा पाय तुमच्या चुकीने गेला, ते एक वेळ मी गिळेन. चूक कुणाकडूनही होते. पण हे आठ महिने कोण देणार मला?"

मावशी म्हणाली, "कुणी नाही."

"मग तुम्ही इथे कशाला आलात? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?"

"त्यासाठी नव्हते आले," मावशी म्हणाली. "पण तुम्ही विचारल्यावर वाटतंय, तेही असेल."

बाईंनी दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं, आणि मला वाटतं आपटलं असतं तर बरं झालं असतं. परतताना मावशी सगळा रस्ता माझा दंड धरून चालली. तिने तसा कुणाचा आधार कधी घेतला नव्हता.

पुढे क्लबने चौकशीचा कागद बदलला नाही. सेक्रेटरी म्हणाले, नियमात तशी सोय नाही. म्हणून मावशीने प्रत्येक सभासदाला हाताने पत्र लिहिलं, एकेचाळीस पत्रं, आणि एक बंदराच्या कार्यालयाला. तिथल्या नव्या अधिकाऱ्यांनी धक्क्यावर सूचना लावली की जुने नकाशे परस्पर फोटोवर बसवून कुणी वापरू नयेत. सूचनेत तिचं नाव नव्हतं, पण गावाला सांगायची गरज नव्हती. एकेकाळी तिच्या टेबलाशी बसायला रांग लागायची, आता दुकानात माणसं तिला पाहून आवाज खाली करत. ती म्हणायची, "करू दे." मामा मात्र एकदा वाण्याच्या दुकानात कुणाच्या तरी अंगावर धावून गेला. त्याने पंख्यावरून भांडणंही सोडलं. मावशीला ते भांडण नसणंच जास्त लागलं असावं.

डॉक्टरांचा हात हळूहळू थांबला. वर्षभराने त्यांनी आठवड्यातून दोन सकाळी दवाखाना उघडायला सुरुवात केली. बाई मधले काही महिने बहिणीकडे जाऊन राहिल्या आणि मग परत आल्या. शेजारीण सांगते, आता बोलण्याचा आवाज येतो, कधी चढा, कधी साधा. मावशीला त्यांनी माफ केलं का, हे मला माहीत नाही. रस्त्यात दिसल्या तर मान हलवतात. मावशीने त्यापेक्षा जास्त कधी अपेक्षिलं नाही.

तो दाढेचा नकाशा तिने एकूण चौदा जणांना दिला होता. बैठकीनंतर तिने सगळ्यांना स्वतः फोन केले. तेराजणांनी काढून टाकल्याचं सांगितलं. चौदावा माणूस गाव सोडून गेला होता, बोट विकली की बरोबर नेली हे कुणाला माहीत नव्हतं. ओळखी काढल्या, जुन्या पत्त्यावर पत्रं पाठवली, ती परत आली. त्याचा नंबर बंद आहे असं फोनमधली बाई सांगते. मावशी दर सोमवारी सकाळी चहा झाला की टेबलाशी बसते, चष्मा लावते आणि तो नंबर फिरवते. शेवटपर्यंत ऐकून घेते, मग फोन ठेवते.